पत्रिकेवर कुंकू बसतं का, ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे : मुलीचं लग्न वैशाखात, पत्रिका पाचशे छापायच्या. मुलगी म्हणते कागद वाया घालवायचाच नाही, व्हॉट्सअॅपवर पाठवा. विहीणबाईंना बॉक्सची पत्रिका हवी आहे. आणि प्रश्न विचारणाऱ्या आईला स्वतःला आवडली आहे ती बियांच्या कागदाची, कुंडीत पेरली की तुळस उगवणारी. यातली पर्यावरणाला खरोखर बरी कोणती?

ताई, तिघींचंही थोडं थोडं बरोबर आहे असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण तसं नाही. मुलीचं बरंचसं बरोबर आहे. बॉक्स वाईट, हे तुम्हाला माहीत आहेच, म्हणून तिथे तुम्ही फसणार नाही. फसायची शक्यता आहे ती बियांच्या कागदात. त्यावर पुढे सविस्तर लिहितो.

नारायण पेठेत सव्वीस वर्षं मी पत्रिका छापतोय. माझ्या काउंटरवर कुंकवाची एक डबी असते. गिऱ्हाइकानं नमुना पसंत केला, की मी त्याच्या कोपऱ्याला ओलं कुंकू लावतो आणि पाच मिनिटं चहा होईपर्यंत तसाच ठेवतो. मग म्हणतो, आता पुसा. लॅमिनेशनच्या पत्रिकेवरून ते बोटासरशी निघून येतं, डागही राहत नाही. साध्या कागदात मुरलेलं असतं, निघत नाही. चार कोपऱ्यांना हळद-कुंकू लावल्याशिवाय पत्रिका घराबाहेर काढायची नाही असा आपला रिवाज, आणि गेली पंधरा-वीस वर्षं आपण असा कागद निवडतोय ज्यावर कुंकू बसतच नाही. कारण वरचा थर कागदाचा नसतो. ती बीओपीपीची, म्हणजे प्लास्टिकची फिल्म असते. चकचकीत असली तर निदान कळतं; मॅट लॅमिनेशन हाताला मखमलीसारखं लागतं आणि लोक म्हणतात, काय सुंदर कागद आहे! शंका आली तर कोपरा हळूच फाडून बघा. नुसता कागद असेल तर सरळ फाटतो. फिल्म असेल तर ती आधी ताणली जाते आणि कडेला पारदर्शक शेपूट राहतं.

अशी पत्रिका लगद्यात जात नाही, मातीत कुजत नाही, आणि जाळली तर प्लास्टिकच जळतं. रद्दीवालाही बहुतेक वेळा ती बाजूला काढतो. तेव्हा पर्यावरणपूरक पत्रिकेची माझी व्याख्या फार साधी आहे : कुंकू धरते ती. बाकी सगळं त्यानंतर.

आता याच कसोटीवर बाकीची सजावट घासून बघा. चमकी म्हणजे प्लास्टिकचा चुरा, ती कुठल्याच रूपात नको. सॅटिनची म्हणून जी फीत लावतात ती पॉलिस्टरची असते. बांधायचंच असेल तर सुती दोरा किंवा सुतळी. अॅक्रिलिकच्या पारदर्शक पत्रिका सध्या फार चालतात, त्या दिसतात छान, पण त्याबद्दल मी बोलायलाच नको. सोनेरी फॉइलबद्दल मात्र माझं मत लोकांना वाटतं तितकं कडक नाही. कागदावर उतरतो तो धातूचा थर अतिशय पातळ असतो, त्यामुळे एखादं ‘श्री’ किंवा नावाची ओळ सोनेरी केली तर कागदाचं फार बिघडत नाही. खरा कचरा माझ्या दुकानात होतो. फॉइल ज्या पॉलिस्टर फिल्मवरून उतरते, तिचे गुंडाळेच्या गुंडाळे उरतात आणि त्याचं पुढे काही होत नाही. म्हणून मी लोकांना उठावाचं काम सुचवतो. ट्रेडल मशीनवर, म्हणजे एकेक कागद दाबून काढणाऱ्या जुन्या छपाई यंत्रावर, ब्लॉक लावून नुसता दाब द्यायचा. शाई नाही, फॉइल नाही. जाड कागदावर नुसत्या दाबाचा मोर किंवा कलश तिरप्या उजेडात असा दिसतो की पाहणारा बोट फिरवल्याशिवाय राहत नाही. ट्रेडल चालवणारे जुने कारागीर पुण्यात अजून आहेत, त्यांना काम द्या.

आणि एक कायद्याची गोष्ट, जी पत्रिका घेणाऱ्यांना सोडाच, विकणाऱ्यांतल्याही अनेकांना ठाऊक नसते. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आली, त्या यादीत कानकोरणी, प्लेट, स्ट्रॉ यांच्याबरोबर निमंत्रणपत्रिकांभोवती गुंडाळायची प्लास्टिक फिल्मही आहे. मिठाईच्या खोक्यांवरची आणि सिगारेटच्या पाकिटांवरची फिल्मही तशीच. तेव्हा कुणी ‘पॅकिंग फ्री देतो’ म्हणाला तर आधी विचारा, कशात?

आता संख्या. सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो, कागदाच्या जातीनं त्याच्या निम्माही पडत नाही. पाचशे हा आकडा कुठून आला, हे मी प्रत्येकाला विचारतो. उत्तर नेहमी एकच, ‘तेवढ्या लागतातच.’ मग मी यादी मागतो. यादी नसते! घरी जा, वही घ्या, आणि माणसांची न करता चुलींची यादी करा. एका चुलीला एक पत्रिका. तीन भाऊ एका वाड्यात पण वेगळे राहत असतील तर तीन, एकत्र असतील तर थोरल्याच्या नावाने एक ‘सहकुटुंब सहपरिवार’. ऑफिसला टेबलागणिक पत्रिका लागत नाही, नोटीस बोर्डावर एक आणि पेढ्यांबरोबर तोंडी आमंत्रण. माझ्याकडे मागच्या हंगामात पाचशे म्हणून आलेल्या एका गृहस्थांची यादी वहीत उतरल्यावर १८० वर आली. त्यातही साठ घरं अशी निघाली, जी व्हॉट्सअॅपवर मनापासून खूश होती. गावाकडची गोष्ट वेगळी, हे मान्य. तिथे घरटी पत्रिका पोचली नाही तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं. तिथे संख्या कमी करायला जाऊ नका, वजन कमी करा.

वजनाचा हिशोब तुम्हीच करू शकता. कागदावर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये. २५० जीएसएमची पावणेसहा इंची चौकोनी पत्रिका साधारण साडेपाच ग्रॅम भरते. १०० जीएसएमचं पाकीट धरा आणखी पाच ग्रॅम. दोन्ही मिळून दहा-अकरा, म्हणजे टपालाच्या पहिल्या २० ग्रॅमच्या टप्प्यातच. अशा पाचशे पत्रिका झाल्या साडेपाच किलो. आता बॉक्सची पत्रिका घ्या : पुठ्ठ्याचा डबा, लोहचुंबकाचं झाकण, आत हळद, संगीत, लग्न, स्वागत समारंभ अशी चार कार्डं, आणि काजू-बदामाची बाटली. दोनशे ग्रॅम सहज. पाचशे म्हणजे शंभर किलो! साडेपाच कुठे आणि शंभर कुठे. त्यात तो डबा साध्या पत्रासारखा टपालाने जात नाही, पार्सल-कुरिअर करा किंवा गाडी काढून पोचवा.

पावणेसहा इंच हा विचित्र आकडा मुद्दाम घेतला. लोकांना सहा बाय सहाची चौकोनी पत्रिका हवी असते. बारा बाय अठरा इंची शीटवर कडेचा छापता न येणारा भाग सोडला, की सहा इंचाच्या दोनच बसतात आणि निम्म्याहून जास्त शीट कटिंगच्या मशीनखाली पडून राहतं. तीच पत्रिका लांबीला आणि रुंदीला पाव-पाव इंच लहान केली, की दोनाच्या जागी सहा बसतात. हातात घेतल्यावर हा पाव इंच कुणाच्या बापाला कळत नाही. म्हणून डिझाइन करून आणण्याआधी छापखान्यात विचारा की शीट कोणतं, आणि किती बसतात. डिझाइन करणारी मुलं हे विचारत नाहीत, कारण ती स्क्रीनवर काम करतात. संगणकाला कटिंग दिसत नाही.

कागद कोणता? पुण्यात राहून हातकागद पाहिला नाही असं करू नका. शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून आहे. सुती चिंध्यांचा लगदा करून कागद कसा उचलतात ते मुलीला नेऊन दाखवा, कदाचित तिचं ‘कागद नकोच’ थोडं मवाळ होईल. हा कागद झाडापासून नाही, कापडाच्या कटिंगमधून होतो, म्हणजे कपडे शिवणाऱ्यांचा कचराच. आणि ही काही परकी हौस नव्हे. जुन्नर एकेकाळी कागदासाठी नावाजलेलं होतं, दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतं, आणि आपल्या कसब्यात कागदीपुरा आहे. पहिली पत्रिका ज्या कसबा गणपतीपुढे ठेवायची, त्याच्या शेजारीच.

हातकागदाचं एक दुखणं मात्र आधीच सांगून ठेवतो, नाहीतर नंतर मला शिव्या द्याल. त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो, शाई पसरते. रोमन अक्षरं यातून निभावतात, देवनागरीचं तसं नाही. आपले रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घाच्या बारीक वेलांट्या तिथे बुजतात. ‘चि. सौ. कां.’मधल्या ‘कां’चा अनुस्वार गेला की वधू नुसतीच ‘का’ होते! म्हणून हातकागदावर मजकूर बारा पॉइंटाच्या खाली नको, फॉन्ट जाड रेघेचा घ्या, आणि उगाच सतरा नावं कोंबू नका. आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं, ही किलबिल एका ओळीत बसवा. हॉलचा क्यूआर कोड टाकणार असाल तर तो निदान एक इंची हवा, बारीक असला तर मोबाइल वाचत नाही.

उसाच्या चिपाडापासून केलेला कागदही मिळतो. आपल्या मुलखाला शोभतो, ऑफसेटला, म्हणजे प्लेट लावून होणाऱ्या मशीनच्या छपाईला, छान चालतो आणि हातकागदापेक्षा गुळगुळीत असतो. पुनर्वापराचा कागदही उत्तम. खाकी क्राफ्टबद्दल मात्र लोकांचा गैरसमज आहे. रंग मातीसारखा असला की तो मातीचाच, असं नसतं. तो नव्या लगद्यापासूनही बनतो, त्यामुळे विचारून घ्या. शिवाय खाकीवर हळद दिसत नाही आणि लाल शाई विटकरी दिसते. शुभकार्यात घरच्या वडीलधाऱ्यांना ते रुचत नाही, आणि मग ऐन वेळी वरून चकचकीत पाकीट येतं. म्हणजे केलेलं सगळं मुसळ केरात.

छपाईबद्दल एवढंच : दीड-दोनशे पत्रिकांसाठी ऑफसेट लावू नका. रंग जुळेपर्यंतच पन्नासेक शीट वाया जातात. तेवढ्यासाठी डिजिटल बरं. पाचशेच्या वर गेलात तर ऑफसेट, आणि एकाच रंगात. एकरंगी कुंकवाची लाल पत्रिका मला स्वतःला चाररंगी पत्रिकेपेक्षा देखणी वाटते, पण हे माझं म्हातारं मत समजा.

आता तुमच्या आवडीचा बियांचा कागद. कल्पना गोड आहे, नाही म्हणत नाही. पहिल्यांदा ते काम माझ्याकडे आलं तेव्हा मी हौसेनं घेतलं. कागद खडबडीत होता, बिया वर आलेल्या. मी हातकागदाच्या सवयीनं तो रुळांतून काढून घेतला, गुळगुळीत केला, सुरेख छापला. महिन्याभरानं वधूच्या वडिलांचा फोन आला, ‘अहो, आमच्या साडूंनी दोन पत्रिका पेरल्या, नुसता चिखल झालाय.’ उरलेल्या कागदाचे दहा तुकडे मी स्वतः ट्रेमध्ये लावून बघितले. एकातून एक झेंडू आला, तोही बिचारा वाकडा. रुळांखाली बिया चिरडल्या होत्या, माझ्याच हातांनी. तेव्हापासून बियांचा कागद मी फक्त स्क्रीन छपाईने, म्हणजे जाळीतून शाई उतरवून, करतो, दाब नाही आणि उष्णतेच्या ड्रायरखाली तर अजिबात नाही.

पण छपाई नीट झाली तरी प्रश्न संपत नाही. तुळशीची बी मोहरीपेक्षाही बारीक. ती ओली झाली की भोवती सब्जासारखा बुळबुळीत थर धरते आणि तिला उजेड लागतो. बहुतेक पत्रिकांवर छापलेलं असतं ‘मातीत पुरा’. लोक दोन इंच खोल पुरतात आणि वाट बघतात. करायचं असं असतं : कागद रात्रभर पाण्यात भिजवायचा, फाडून ओल्या मातीवर पसरायचा, वरून चिमूटभर माती भुरभुरायची आणि दहा-पंधरा दिवस वरचा थर सुकू द्यायचा नाही. वैशाखाच्या उन्हात, तेही लग्नघाईत, हे कोण करणार? मी बऱ्याच घरी विचारलं आहे. पत्रिका देव्हाऱ्यात किंवा फ्रिजवर असते, ‘पावसाळ्यात लावू’ म्हणून. पावसाळ्यापर्यंत ती आठवत नाही, आणि वर्षभर पडून राहिलेलं बी उगवेलच याचा भरवसा नाही.

तेव्हा बियांचा कागद घ्यायचाच असेल तर पाचशे नको. झाडंवेड्या तीस घरांसाठी घ्या, ज्यांच्या गच्चीत कुंड्या आहेत. विक्रेत्याकडून आधी दोन तुकडे मागा आणि घरी उगवून बघा. झेंडू आठवड्यात डोकं वर काढतो, तुळशीला दोन आठवडे द्या. न उगवल्यास ऑर्डर नाही. बी कोणतं आहे ते सांगू न शकणाऱ्याकडून घेऊ नका. ‘मिक्स’ हे उत्तर नव्हे.

रुमालावर किंवा कापडी पिशवीवर छापलेल्या पत्रिका हा दुसरा प्रकार. पिशवीवर हातभर मोठ्या अक्षरांत वधूवरांची नावं असली की ती घेऊन मंडईत कोणी जात नाही, ती बोहारणीकडेही जात नाही. मजकूर वेगळ्या चिठ्ठीवर द्या, आणि पिशवीवर तळहाताएवढं फूल किंवा वारली नक्षी. मग ती दहा वर्षं भाजी आणेल. नाहीतर कापूस पिकवायला लागलेलं पाणी आणि कष्ट माळ्यावर.

मुलीच्या व्हॉट्सअॅपवर माझा आक्षेप नाही. माझा धंदा असूनही नाही. दोनच गोष्टी. लग्नपत्रिकेच्या नावानं एपीके फाइल (मोबाइलमध्ये अॅप बसवणारी फाइल) पाठवून लोकांचे मोबाइल आणि बँक खाती लुटण्याचे प्रकार झाल्यापासून शहाणी माणसं अनोळखी फाइल उघडत नाहीत. म्हणून साधं चित्र पाठवा, आणि ते ग्रुपवर न टाकता एकेकाला, नावानं, खाली दोन ओळी लिहून. आणि आत्या, मामा, शाळेतल्या बाई, ज्यांनी तिला लहानाची मोठी होताना पाहिलं, त्यांच्या हातात कागद जाऊ द्या. फोन आणि पत्रिका दोन्ही.

एक बारीक गोष्ट, पण मला महत्त्वाची वाटते. पाकिटावर मोठा गणपती छापू नका. देवाचं चित्र असलेली पत्रिका कुणाला टाकवत नाही, रद्दीत द्यायलाही मन धजत नाही. मग अशा पत्रिकांचे गठ्ठे पिंपळाच्या पारावर किंवा थेट नदीत जातात. मुठेच्या काठी जाऊन बघा, लॅमिनेट केलेले गणपती तरंगताना दिसतील. आत, मजकुराच्या वर, ‘॥ श्री गजानन प्रसन्न ॥’ एवढं पुरतं.

राहिल्या विहीणबाई. बॉक्स का हवा, हे त्यांना प्रेमानं विचारा. माझ्या अनुभवात त्यामागे डब्याची हौस क्वचितच असते. ‘आमच्याकडच्या मोठ्या माणसांना साधी पत्रिका कशी द्यायची’ हा संकोच असतो. त्याला उपाय आहे. मानाची वीस-पंचवीस घरं त्या काढून देतील. त्यांच्यासाठी जाड हातकागदाची, उठावाच्या कलशाची पत्रिका, सोबत तुमच्या घरचे चार बेसनाचे लाडू केळीच्या पानात किंवा द्रोणात. पत्रिका समक्ष न्यायची, अक्षता द्यायच्या. ती कुठल्याही चुंबकाच्या डब्यापेक्षा भारदस्त दिसते. आणि शक्य असेल तर दोन्ही घरांनी एकच पत्रिका छापा. कागद एक, नक्षी एक, फक्त निमंत्रकांचा मजकूर बदलायचा. दोनदा मशीन लावायला लागत नाही आणि खर्चही वाटला जातो. पहिल्यांदा हे सुचवाल तेव्हा समोरून शांतता असेल. दोन दिवस थांबा.

म्हणजे तुमच्यासाठी मी असं काम लिहीन : मानाच्या २५ हातकागदाच्या, झाडंवेड्यांसाठी बियांच्या ३०, बाकी सव्वाशेच्या आसपास चिपाडाच्या किंवा पुनर्वापराच्या कागदाच्या एकरंगी, लॅमिनेशनशिवाय. उरलेलं सगळं मोबाइलवर. हातकागद महाग पडतो, पण फिल्म, फॉइल आणि डबा गेल्यावर तुम्ही आधी धरलेल्या रकमेत हे आरामात बसतं.

लग्नाच्या अडीच महिने आधी या. हातकागद सुकायला आणि बी उगवून बघायला तेवढे दिवस लागतात. आणि प्रूफ आलं की ते मुलीला वाचायला देऊ नका, तिला मजकूर पाठ असतो, चूक दिसत नाही. घरातल्या आजीला चष्मा लावून मोठ्यानं वाचायला सांगा आणि तुम्ही शेजारी पंचांग उघडून बसा. तिथी, वार, तारीख तिन्ही जुळतात का, मुहूर्ताच्या वेळेपुढे सकाळ की सायंकाळ लिहिलंय का, हॉलच्या दोन शाखा असतील तर कोणती. वार चुकल्यामुळे चारशे पत्रिका पुन्हा छापलेल्या मी पाहिल्या आहेत. पहिल्या चारशे अजून माझ्या पोटमाळ्यावर आहेत, मागच्या कोऱ्या बाजूवर मी हिशोब लिहितो.